झबल्यातली खळ

सुताला खळ देणं मी बापाकडून शिकलो. तांदळाची कणी भिजवायची, शिजवून तिची पातळ पेज करायची, ताण्यावर कुंचा फिरवून ती सुताला पाजायची आणि सूत पुरतं वाळायच्या आत बोटांनी एकेक दोरा मोकळा करायचा. ताणा म्हणजे मागावर लांब ताणून बसवतात ते धागे. सगळा मार त्यांनाच बसतो. खळ नसली तर फणीत घासून ते पिंजतात आणि तुटतात. एवढं आरमोरीकडच्या कोणत्याही विणकराला माहीत आहे. माझ्या बापाला एक गोष्ट जास्त माहीत होती. तो खळीत मीठ घालायचा. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून भर वैशाखातही आमचा ताणा कडकडीत होऊन तुटत नसे. हे त्याने मला एकट्याला सांगितलं, आणि घराबाहेर सांगू नको म्हणाला. मी सांगितलं नाही. जिथे सांगायला पाहिजे होतं तिथेही सांगितलं नाही, म्हणून आज हे लिहायला बसलो आहे.

माझं शिक्षण चौथी. अक्षर वाकडं आहे, पण दुसऱ्याकडून लिहून घ्यायची मला सवय नाही.

बाप आठवडी बाजारात गोणपाटावर धोतरं-लुगडी मांडून बसायचा. मी आठ-नऊ वर्षांचा, त्याच्या मागे. घेणाऱ्या बाया दुरून बोट दाखवत. सौदा झाला की आधी कापडावर पाणी शिंपडत आणि मग उचलत. आमचा हात लागलेला, तो पाण्याने निघून जायचा म्हणे. कापड तेवढं राहायचं. बाप खाली पाहत असे. पुढे आम्ही दीक्षा घेतली, देव सोडले, ते बाजारही बदलले. पण माझ्या हातचं कापड कोणी वापरायच्या आधी भिजवलं की माझं कपाळ अजूनही तापतं. हा माझा स्वभाव आहे, आणि पुढे जे झालं त्याला तो कारण आहे.

मोबाईल गडचिरोलीत नुकता आला होता आणि बसस्टँडजवळ उभं राहिलं तरच लागत होता, त्या वर्षांतली गोष्ट. माझा माग तेव्हा पंचे आणि सतरंज्यांवर आला होता. नागपूरच्या एका कॉलेजातली इंजिनिअर मॅडम गावात आली. वयाने माझ्या पोरीएवढी. कोशाचं रेशीम विणणाऱ्यांनी तिला नाही म्हटलं होतं आणि कोणीतरी गमतीने माझं घर दाखवलं होतं, की तिथला बुढा कोणाचं ऐकत नाही, त्याला विचारा. तिने पिशवीतून एक रीळ काढलं. नायलॉनचा बारीक दोरा, त्यावर चांदीचा मुलामा. या दोऱ्यातून वीज जाते म्हणाली. तिला तान्ह्या लेकरांची झबली करायची होती. पोटाशी दोन चांदीच्या रेघा, मधे तांदळाएवढा एक मणी, छातीवर टिचबटनाने बसणारी छोटी डबी. मण्याला अंगाची ऊब कळणार, ऊब असली की त्यातून वीज जास्त जाणार, गार पडलं की कमी. लेकरू ठीक असेल तर डबीवर हिरवा दिवा लुकलुकत राहील, गार पडायला लागलं की डबी वाजेल.

मी हसलो. म्हटलं, "मॅडम, कापडाले काय समजते?"

"हे समजेल, बाबा," ती म्हणाली. मग तिने सांगितलं की कमी वजनाची लेकरं रडत नाहीत, तक्रार करत नाहीत, हळूहळू गार पडत जातात, आणि आईला कळेपर्यंत उशीर होतो. जंगलातल्या गावांतून दवाखाना गाठायचा म्हणजे अर्धा दिवस जातो.

माझं हसणं तिथेच थांबलं. आमची दोन लेकरं अशीच गेली होती. एक पुसात, एक माघात. न रडता. दाई म्हणाली होती, थंडी घुसली. माझी बायको आत चुलीपाशी होती, तिने फुंकणी खाली ठेवली हे मला बाहेर ऐकू आलं. मी मॅडमला हो म्हटलं.

तिची एकच अट होती. या दोऱ्याला काहीही लावायचं नाही, तेल नाही, मेण नाही, खळ नाही. मी मान हलवली.

पण तो दोरा ताण्यात टिकेना. दहा-बारा वेळा आडवा दोरा घेऊन धोटा गेला की चांदीचा दोरा पिंजायचा आणि फणीपाशी तुटायचा. गाठ मारली की मॅडम म्हणायची, गाठ चालत नाही, वीज अडते. तीन वेळा मी ताणा लावला आणि तीन वेळा तो फुकट गेला. शेजारचा विणकर येऊन बघून गेला आणि जाताना म्हणाला, "सोड भाऊ, हे सतरंजी नोहे." त्या दिवशी मी कणी भिजवली. खळ केली, बापासारखं मीठ घातलं, सुतासकट चांदीच्या दोऱ्यालाही पाजली. एक दोरा तुटला नाही. कापड असं उतरलं की माझं मलाच हात फिरवावंसं वाटलं.

मॅडम आली, उजेडात धरून बघितलं, म्हणाली, "बाबा, हे कसं जमवलं? आमच्या मशीनवर नाही जमलं." मी म्हटलं, हाताची गोष्ट आहे. तिने विचारलं, काही लावलं तर नाही ना? मी म्हटलं, नाही. एवढाच शब्द. तो बोलताना माझी जीभ अडखळली नाही.

नागपूरला तिने त्या कापडाची बारा झबली शिवून घेतली, मणी बसवले, कॉलेजात गरम करून, गार करून तपासली. सगळी बरोबर निघाली. कोरडी होती, म्हणून निघाली. हे आज कळतं. अकरा झबली धानोऱ्याकडच्या गावांमधे गेली, तिथली नर्सबाई ती नव्या बाळंतिणींना वाटणार होती. बारावं मॅडमने मला दिलं, कारण माझी पोरगी बाळंतपणाला माहेरी आली होती. सोबत एक छापील कागद होता. चांदी धुण्याने झिजते, म्हणून झबलं वापरण्याआधी धुऊ नये, मळलं तर ओल्या फडक्याने पुसावं. तो कागद मी दोनदा वाचला. माझ्या हातचं कापड मागावरून उतरलं तसंच अंगाला लावा, असं छापून आलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

नात आठव्या महिन्यात झाली. हातभर नव्हती. बायकोने झबलं हातात घेतलं आणि म्हणाली, "टोचते हे. तीन पाण्यांतून काढतो, मग घालू."

आमच्याकडे तान्ह्या लेकराला कोरं कापड घालत नाहीत. जुन्या लुगड्याची, धोतराची मऊ पडलेली फडकी घालतात. नवं काही आलंच तर ते आधी धुऊन धुऊन जुनं करतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्यात वाढलो, माझी लेकरं त्यात वाढली. तरी मी कागद तिच्यापुढे धरला.

"इथी लिहून आहे. धुवाचं नाई."

"कागदाले लेकरू झालं का कधी?" ती म्हणाली.

"माह्या हातचं कापड घरातच भिजवून घेशीन का तू?"

बाजारातली ती गोष्ट तिला ठाऊक होती. कोऱ्या झबल्याखाली एक जुनं फडकं घालू का, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, मधे काही आलं तर मण्याला ऊब कळणार नाही. झबलं तसंच घातलं. दिवा हिरवा लुकलुकायला लागला आणि मी शेजारच्या विणकराला बोलावून दाखवला.

नववा दिवस होता. आभाळ आलेलं, वारा सुटलेला. बायको विहिरीवर गेली. पोरगी थकून झोपली होती. जाताना बायको मला म्हणाली, लेकराकडे लक्ष ठेवा. मी मागाजवळ बसलो, नात खाटेवर समोर. मी लक्ष ठेवलं. दिवा हिरवा होता. पुन्हा पाहिलं, हिरवा. नात फार शांत निजली आहे असं वाटलं. तिच्या तोंडाकडे मी किती वेळा पाहिलं ते मला आठवत नाही. दिव्याकडे पाहिलेलं सगळं आठवतं.

बायको आली, घागर उतरवली, ओले हात पदराला पुसले आणि नातीच्या तळपायाला हात लावला. मग पोटाला.

"हे गार पडली," ती म्हणाली. "ओली आहे सारी. केव्हाची ओली आहे?"

मी म्हटलं, दिवा हिरवा आहे.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. झबलं ओढून काढलं, पोरीला उठवून तिच्या चोळीच्या आत उघडं लेकरू उरावर ठेवलं, वरून लुगडं गुंडाळलं, घोंगडी टाकली. नात रडत नव्हती. आईचा ऊर लागल्यावर तिने तोंड हलवलं, तेवढंच. गावातल्या एकाच्या जीपने आम्ही आरमोरीच्या दवाखान्यात नेली. तीन दिवस ती आईच्या उरावरून खाली ठेवली नाही. चौथ्या दिवशी ती जोराने रडली आणि डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या.

जीपमधे बायको माझ्याशी एक वाक्य बोलली होती. "डोये दिव्याले लावून बसले, हात कुठी ठेवला होता तुमी?"

घरी आल्यावर ते झबलं मी हातात घेतलं. मला वाटलं होतं डबी बिघडली. मी ती कोरड्या झबल्याला लावून पाण्याच्या माठावर ठेवली. डबी वाजली. म्हणजे डबी नीट होती. मग नातीने केलं असेल तसं झबलं पोटाशी ओलं केलं आणि पुन्हा माठावर गुंडाळलं. माठ हाताला बर्फासारखा. दिवा हिरवा. मी अर्धी बिडी संपेपर्यंत उभा राहिलो. हिरवाच. ओल्या झबल्याच्या रेघांवरून बोट फिरवलं तर ते चिकटलं. बोट जिभेला लावलं. खारट होतं.

मी खाली बसलो. वीज कशी चालते ते मला शिकवलेलं नाही, पण मिठाच्या पाण्यातून ती जाते एवढं वायरमनकडून ऐकलं होतं. लेकरू ओलं झालं की माझी खळ ओली होत होती, आणि वीज मण्यात न जाता खळीतूनच पलीकडे जात होती. डबीला वाटायचं, ऊब आहे. आणि तान्हं लेकरू गार पडतं ते ओलं झाल्यावरच.

मग मी ते झबलं कोमट पाण्यात बुडवून चोळलं. पाणी पांढरं झालं. तीन वेळा बदललं. वाळवलं, डबी लावली, ओलं केलं, माठावर ठेवलं. घरभर वाजलं. बायको आतून आली आणि दारात उभी राहिली. तिला मी सगळं सांगितलं. खळ, मीठ, मॅडमला दिलेला शब्द. ती म्हणाली, "बाकीची अकरा?"

मला काय करायचं ते कळत होतं. करवत नव्हतं हेही लिहितो. मॅडमने मला विणकर म्हटलं होतं, मशीनपेक्षा वरचा म्हटलं होतं. मी काही बोललो नसतो तर कोणाला कधी कळलं नसतं. सगळ्यांनी डबीला दोष दिला असता. एक सकाळ मी त्यात घालवली. मग गडचिरोलीची एसटी धरली, तिथून धानोऱ्याची.

धानोऱ्याला उतरून आधी एसटीडीच्या बूथवरून मॅडमला फोन लावला. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी विचारलं होतं तुम्हाला." मी म्हटलं, विचारलं होतं. मीटर पडत राहिलं. मग तिने नर्सबाईला कुठे गाठायचं ते सांगितलं आणि म्हणाली, मीही निघते, पण उद्या पोचेन, तुम्ही थांबू नका.

नर्सबाई तिकडचीच, गोंडी बोलणारी. माझं ऐकून तिने रजिस्टर मिटलं. "भाऊ, तुमी बुढे नसते ना, तर मी काय बोलली असती मले ठाऊक नाई." तेवढं बोलून तिने पायात चपला घातल्या. दोन दिवस आम्ही फिरलो, काही ठिकाणी एसटीने, काही ठिकाणी पायी.

प्रत्येक घरी मी झबल्याची कड अंगठा आणि बोटात धरायचो. विणकराला डोळे मिटूनही कळतं खळ आहे की गेली. सात घरी झबली मऊ होती. बायांनी कागद बाजूला ठेवून ती राखेच्या पाण्यात धुतली होती आणि मगच लेकराला घातली होती. एक जण घाबरत म्हणाली, मॅडम रागावेल का? मी म्हटलं, नाही माय, तू बरोबर केलं. तीन घरी कागदाप्रमाणे वागले होते. ती तीन झबली कडक होती, लेकरं नशिबाने नीट होती. ती मी तिथेच अंगणात धुतली, वाळवली, ओली करून माठावर वाजवून दाखवली, आणि सांगितलं की चूक माझी आहे, आणि डबी वाजो न वाजो, घटके-घटकेला लेकराच्या पायाला हात लावा.

शेवटच्या गावाला जाताना नर्सबाई पायवाटेवर थांबली. म्हणाली, त्या घरचं लेकरू राहिलं नाही. थंडीतच गेलं. वजन कमी होतं, मी तसं लिहिलं.

मी विचारलं, "झबलं आंगात होतं?"

"मी गेली तवा मातीही झाली होती, भाऊ. मले नाई माहीत."

तिथून परत फिरावं असं मला वाटलं. पाय पुढे जात होते ते हट्टाने जात होते. आयुष्यात माझ्या हट्टाने एक काम नीट केलं असेल तर ते हे.

बाळंतीण सुपात धान पाखडत होती. सासू भिंतीला टेकून बसलेली. नर्सबाईने गोंडीत काही सांगितलं. ती पोर उठून आत गेली आणि पेटीतून झबलं घेऊन आली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. मी कड बोटात धरली.

कडक होती. मागावरून उतरली होती तशी.

मग ती पोर मोडक्या मराठीत म्हणाली, "घातलं नाई. नवं होतं. धुवाचं नाई म्हणे कागद. नवं कसं घालाचं लेकराले? ठेवलं, मोठं होईन तवा घालू."

मी सुटलो असं मला वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं, खरंच उतरलं. आणि त्याच श्वासात कळलं की मी कशावर खूश होतो आहे. लेकरू गार पडत होतं तेव्हा हे झबलं या पेटीत घडी करून होतं. कोऱ्या कापडाची रीत मला माहीत होती. नागपूरच्या मॅडमला माहीत असायचं कारण नव्हतं. मी एकदा म्हटलं असतं, की मॅडम, आमच्या बाया कोरं घालणार नाहीत, आधी धुऊन द्या, तर खळही गेली असती आणि झबलंही अंगात गेलं असतं. मी ते बोललो नाही, कारण माझं कापड धुवावं लागतं हे मला माझ्या तोंडाने म्हणायचं नव्हतं.

मी तिथे जमिनीवर बसून हे सगळं सांगितलं. नर्सबाईने गोंडीत सांगितलं. सासूने ऐकून एकच विचारलं, आणि नर्सबाईने ते मला मराठीत सांगताना खाली पाहिलं. घातलं असतं तर पोर वाचलं असतं का?

"न धुता घातलं असतं तर ते गप्प राह्यलं असतं," मी म्हटलं. "धुऊन घातलं असतं तर वाजलं असतं. पुढचं मले माहीत नाई, बाई."

म्हातारी उठली, चुलीवरचं कोमट पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं. मी झबलं धुतलं. पांढरं पाणी मातीत जिरलं. कुंपणावर वाळत टाकलं. वाळेपर्यंत त्यांनी आम्हाला बसवलं आणि तांदळाची पेज दिली, मीठ घातलेली. सगळी प्यालो.

झबलं वाळल्यावर मी डबी काढून घ्यायला लागलो. या घरी ती कशाला वाजवायची? पण ती पोर पुढे आली आणि माठाकडे बोट केलं. "वाजवून दाखव," म्हणाली.

मी झबलं पोटाशी ओलं केलं आणि माठाला गुंडाळलं. थोडा वेळ दिवा हिरवा राहिला. मग डबी वाजायला लागली. अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या. ती पोर सूप हातात धरून उभी राहिली आणि ऐकत राहिली. नर्सबाईने मला खुणेने बंद करा म्हटलं. मी त्या पोरीकडे पाहिलं, आणि ती स्वतः येऊन माठाला हात लावीपर्यंत बंद केलं नाही.